शेऱ्याचा रकाना

११ फेब्रुवारी

...बादली भरेपर्यंत मी चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत ह्यांच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं. हे दाढी करताना शीळ घालत होते. ती शीळ नेहमी एकाच जागी अडकायची, पुढचं गाणं ह्यांना कधी आलंच नाही. डबा भरला. मग टेबल पुसलं, हात कोरडे केले, वही उघडली आणि राहिलेल्या नऊ ओळी उतरवल्या. दोन ठिकाणी आकडा नव्हता. न्हाणीघराकडे तोंड करून मी विचारलं, इथे काय लिहू? आतून म्हणाले, जे असेल ते लिही. मी लिहिलं. शाईवर फुंकर घातली, वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डब्याच्या पिशवीत खाली सरकवली. साडेसहाला हे गेले.

त्या सकाळी याहून जास्त काही झालं नाही. मी पुन्हा पुन्हा शोधते, पण नाहीच.

ही दोनशे पानी वही लेकीने आणून दिली. मनात साठवू नकोस, लिहीत जा, म्हणाली. ह्यांना जाऊन एकोणचाळीस दिवस झाले, ती कोरीच होती. आज लिहायला बसले, कारण आज पाकीट आलं.

वही कोणी उघडलीच तर कळावं म्हणून लिहून ठेवते. हे चोवीस वर्षं मोठ्या लाँड्रीत बॉयलरवर होते. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी लाँड्री. तीन जानेवारीला दुपारी सव्वातीनला बॉयलरची नळी फुटली. हे समोरच उभे होते. पाकिटात चौकशीचा अहवाल आहे, अकरा पानं, सगळा इंग्रजीत. सोबत आपल्या भाषेत एक कागद: अहवालावर काही म्हणणे असल्यास १४ मार्चपर्यंत लेखी कळवावे, त्यानंतर अहवाल अंतिम समजण्यात येईल.

१२ फेब्रुवारी

लेक संध्याकाळी आली, चप्पल न काढताच वाचायला बसली. पहिली पानं भराभर सांगितली. पाण्याची पातळी, प्रेशर, नळीची जाडी. नवव्या पानावर तिचा आवाज बारीक झाला. मग ती मनातल्या मनात वाचायला लागली. मी म्हटलं, मोठ्याने वाच, मी काही काचेची नाही.

अपघाताचं कारण म्हणून एकच शब्द आहे. निग्लिजन्स. पुढे लिहिलंय, मृत कर्मचाऱ्याचा. तो शब्द तीनदा आलाय. मी तिला बोट ठेवून दाखवायला सांगितलं आणि तिन्ही ठिकाणी पेन्सिलीने खूण केली.

म्हणजे काय, विचारलं. ती म्हणाली, निष्काळजीपणा. मग घाईघाईने म्हणाली, आई, हे असंच छापील लिहितात, प्रत्येक अहवालात असतं.

मला हसू आलं. हा माणूस घरातून निघताना गॅसचं बटण दोनदा बघायचा. फाटक लावून पुन्हा हलवून बघायचा. आम्ही ह्यांना त्यावरून चिडवायचो.

१४ फेब्रुवारी

ग्रंथालयात गेले. मी सातवीपर्यंत शिकले, बाकी सगळं त्या इमारतीत. तिथल्या बाई मला सोळा वर्षं ओळखतात. पुस्तक उशिरा आणलं की दंड घेतात आणि वेळेवर आणलं की चकित झाल्यासारखं करतात. आज त्यांनी फक्त खुर्ची पुढे केली. मोठा शब्दकोश घरी न्यायला मिळत नाही, कधी मिळणारही नाही. तो तिथेच बसून वाचायचा.

अक्षरं मुंगीएवढी. बाईंनी चष्म्यावर भिंग धरून वाचलं आणि मी उतरवून घेतलं. अर्थ: जी काळजी घेणं योग्य होतं ती न घेणं. शब्द लॅटिनमधला, फार जुना. त्याचे दोन तुकडे. पहिला म्हणजे ‘न’, दुसरा म्हणजे ‘उचलणं, वेचणं’. समोर पडलेलं न उचलणं. बाई म्हणाल्या, याच दुसऱ्या तुकड्याचा ‘वाचणं’ असाही अर्थ होतो, वाचणं म्हणजे अक्षरं वेचणंच ना.

ती भाषा कुठे बोलतात, मी विचारलं. आता कुठेच नाही, मेली ती, बाई म्हणाल्या. मेलेल्या माणसावर टाकायला मेलेल्या भाषेतला शब्द. बरा सापडला त्यांना.

विरुद्ध अर्थ कोशात नव्हते. त्याचं पुस्तक वेगळं आहे, ते बांधणीला गेलंय. पंधरा दिवसांनी या, म्हणाल्या.

१५ फेब्रुवारी

रात्रभर त्या शब्दाचे आपल्याकडचे भाऊबंद आठवत पडले. निष्काळजीपणा, हयगय, दुर्लक्ष, ढिलाई, कुचराई, हलगर्जी, बेफिकिरी. इतके शब्द आहेत म्हणजे हे काम जोरात चालत असणार.

सकाळी कागदावर मांडले आणि ज्याचं त्याला वाटून टाकलं. दुर्लक्ष देखभालीच्या साहेबांचं. काच बिघडलीय हे ह्यांनी त्यांना तीनदा सांगितलं होतं, मला माहीत आहे, जेवताना बोलायचे. काच म्हणजे बॉयलरच्या अंगावरची काचेची नळी. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. तिची वाट गाळाने बुजली की आतलं पाणी उतरलं तरी ती आपली अर्धी भरलेली दिसते. ढिलाई ज्याने सुटा भाग मागवला नाही त्याची. बेफिकिरी मोठ्या ऑफिसची. कुचराई अहवाल लिहिणाऱ्याची, तो बॉयलरघरात वीस मिनिटंही थांबला नाही म्हणे.

ह्यांच्या वाट्याला एकही शब्द उरला नाही. मला फार बरं वाटलं.

आणि विरुद्ध अर्थ शोधायला पुस्तक कशाला हवं? टापटीप. ती आमच्या घरात होती. लाँड्रीची नोंदवही अकरा वर्षं मी लिहिलीय. दर तासाला प्रेशर किती, पाणी किती, ते लिहायचं असतं. ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्यात बॉयलरघरात हात तेलकट आणि कागद ओले. एकदा तपासनीस वही बघून ओरडले. तेव्हापासून हे चादरींच्या पावत्यांच्या पाठीवर कच्चं लिहायचे आणि आठवड्यातून एकदा वही घरी आणायचे. मी पक्कं करायची. ह्यांचे बॉयलरवरचे जोडीदारही स्वतःच्या चिठ्ठ्या पाठवायला लागले, वहिनी, माझंही जरा, म्हणून. मागच्या वर्षी तपासनीस म्हणाले, अशी वही मी दुसरीकडे पाहिली नाही. हे त्या दिवशी जेवताना तीनदा सांगितलं ह्यांनी. ‘तू लिहितेस, मला काळजीच नाही’, असं म्हणायचे आणि पानाखाली न वाचता सही ठोकायचे.

असल्या घरातल्या माणसाला निष्काळजी म्हणतात.

१९ फेब्रुवारी

ह्यांचे जोडीदार येऊन गेले. त्यांना सगळे ‘तात्पुरते’ म्हणतात. एकोणीस वर्षांपूर्वी तात्पुरते म्हणून लागले, अजून तसेच आहेत. ते स्वतःच हसून सांगतात की मी मेल्यावरसुद्धा माझ्या जागी दुसरा तात्पुरता येईल. आज सांगितलं नाही.

मी त्यांना शब्द दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला, जणू बघून बघून अर्थ लागेल. मग म्हणाले, काच खराब होती हे सगळ्यांना माहीत होतं वहिनी. दादा तर दर तासाला बॉयलरची तोटी उघडून पाणी येतं की वाफ ते बघायचे. काचेला शिव्या घालायचे.

मी म्हटलं, मग हेच चौकशीत सांगा. त्यांनी कपातला चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती. म्हणाले, सांगितलं मी. ते म्हणाले, लेखी आहे का? लेखी तर वहीत असतं, वही आता लाँड्रीच्या ऑफिसात आहे.

तर मग वहीच बघते, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मला वाटलं ते रडणार. पण ते उठले. पुढच्या महिन्यात कायम करणार आहेत म्हणे, एवढं दारात सांगून गेले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून एकोणीस वर्षं ऐकतेय.

२४ फेब्रुवारी

सकाळी अकराला लाँड्रीच्या ऑफिसात गेले. देखभालीचे साहेब माझ्या लेकीच्या वयाचे आहेत. उठून उभे राहिले, खुर्ची दिली, पाणी मागवलं. मला भांडायचं होतं. भांडायला आलेल्या माणसाला पाणी दिलं की अर्धं भांडण तिथेच जातं.

मी म्हटलं, तुम्हाला तीनदा सांगितलं होतं ह्यांनी. ते म्हणाले, बाई, तोंडी लोक दिवसभर काही ना काही सांगत असतात. म्हणून तर वही असते. वहीत शेऱ्याचा रकाना असतो. तक्रार असेल तर तिथे लिहायची. मग मला बॉयलर थांबवावाच लागतो, नियमच आहे.

त्यांनी कपाटातून वही काढली. तीच निळ्या पुठ्ठ्याची. माझ्यापुढे उघडून धरली आणि खरंच हळहळून म्हणाले, “बघा, किती सुंदर वही आहे. एक खाडाखोड नाही. इतका व्यवस्थित माणूस, आणि काच बिघडली हे एकदाही लिहू नये? वाईट वाटतं हो.”

पाण्याचा रकाना. अर्धी, अर्धी, अर्धी. शेऱ्याचा रकाना. ठीक, ठीक, ठीक. वरपासून खालपर्यंत. दोन जानेवारीपर्यंत.

साहेब म्हणाले, निग्लिजन्स हा कायद्याचा शब्द आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

मी वही नीट बघितली. अक्षर चांगलं आलं आहे.

२५ फेब्रुवारी

भांडी घासली. पडदे धुतले.

१ मार्च

लिहिलं नाही तर डोकं फुटेल, म्हणून लिहिते.

शेऱ्याचा रकाना अरुंद आहे. मी वही हातात घेतली तेव्हा ऑफिसातल्या कारकुनाने नमुना म्हणून पहिली पानं लिहून दिली होती, त्यात त्याने खाली सगळं ‘ठीक’ घातलं होतं. मला वाटलं तिथे तेच लिहायचं असतं. मी ते लिहीत गेले. ह्यांना विचारलंही नसेन. इतकं छान दिसायचं ते, एकाखाली एक.

आणि जिथे ह्यांनी आकडा लिहिला नसेल, तिथे मी वरच्या ओळीतला घालायची. मोकळी जागा बरी दिसत नाही. मला वाटायचं, कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल.

उतरवून झालं की मी चिठ्ठ्या बारीक फाडून केरात टाकायची. घरात पसारा नको. अकरा वर्षांच्या चिठ्ठ्या गेल्या. फक्त शेवटच्या आठवड्याचा गठ्ठा राहिला. त्या सकाळी फाडायला वेळ झाला नाही, आणि नंतर तिकडे कोणी बघितलंच नाही. फडताळात डब्यांच्या मागे होता. काल काढला.

अठरा जागा मोकळ्या आहेत. राहून गेलेल्या नाहीत, काचेवर भरवसा नाही म्हणून आडवी रेघ मारून मोकळ्या सोडलेल्या आहेत. मी त्या रेघेला काय समजत होते देव जाणे. तीन ठिकाणी शेजारी लिहिलंय, ‘काच थापा मारते’. हे आठवतंय मला. वाचून मी हसले होते. हे सगळ्याचीच थट्टा करायचे, तसंच एक वाटलं. एका ठिकाणी ‘साहेबांना सांगितलं’. ते मी उतरवलं नाही कारण त्याला रकाना नव्हता.

म्हणजे होता.

एका चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिलंय, ‘हिला सांगणे, कोऱ्या जागा कोऱ्याच ठेव’. ती ओळ लिहून ह्यांनीच खोडली आहे, दोन रेघा मारून. का खोडली असेल ते कळत नाही. विसरायला नको म्हणून लिहिलं असेल तर खोडलं कशाला? मला काही सांगितलं नव्हतं. आदल्या रात्री हे माझ्या समोर बसून, मी लिहिताना बघत होते, एवढंच आठवतं. मी विचारलं, काय बघताय? काही नाही, म्हणाले, लिही तू.

इस्पितळातून मिळालेला लिफाफाही उघडला. आजवर धीर झाला नव्हता. घड्याळ, कंगवा आणि शेवटच्या दिवसाची चिठ्ठी, भिजून वाळल्याने पापडासारखी झालेली. वाचता येते. बारा वाजता रेघ. एक वाजता रेघ. दोन वाजता: ‘काच अर्धी दाखवते, तोटीतून नुसती वाफ. आग कमी केली. साहेबांना फोन. चादरी निघू द्या, मग बघू म्हणाले’. तीन वाजता रेघ.

३ मार्च

ग्रंथालयात विरुद्धार्थी शब्दांचं पुस्तक बांधून आलंय. पाठीला नवं कापड लावलंय, उघडताना करकरतं.

बाईंनी वाचलं. काळजी, लक्ष, सावधपणा आणि डिलिजन्स. मी विचारलं, टापटीप? बाईंनी वरून खाली बोट फिरवलं. नाही, म्हणाल्या, टापटिपीचा विरुद्ध अर्थ गबाळेपणा, तो वेगळ्या पानावर आहे.

मग मी मोठ्या कोशात डिलिजन्स बघायला लावलं. बाई म्हणाल्या, ह्याचा अर्थ चिकाटीने, झटून केलेलं काम. पण मुळात ह्यातही तोच तुकडा आहे, वेचण्याचा. बऱ्याच गोष्टींतून एक वेचून घेणं आणि ती जीवापाड जपणं. जुन्या भाषेत त्याचा अर्थ चक्क प्रेम करणं असा होता.

त्यांना ते आवडलं. भिंग खाली ठेवून म्हणाल्या, किती छान ना, काळजी घेणं आणि प्रेम करणं मुळात एकच.

मी म्हटलं, छान काय आहे त्यात? मी जरा जोरात बोलले असेन. वर्तमानपत्र वाचणारे दोघं वळून बघायला लागले. प्रेमाने काय काय होतं ते कोशात लिहीत नाहीत, एवढं म्हणून मी उठले. त्या बिचाऱ्या बाईंचा काय दोष? उद्या जाऊन माफी मागायला हवी.

गेले नाही.

६ मार्च

लेकीला सगळं सांगितलं. चिठ्ठ्या दाखवल्या. तिने त्या बापाच्या असल्यासारख्या हातात घेतल्या आणि आईच्या असल्यासारख्या खाली ठेवल्या.

पहिल्यांदा म्हणाली, ह्यात तुझी काय चूक, तुला कोणी शिकवलं होतं? मी म्हटलं, तेच तर, न शिकवता करत होते. मग ती कामाचं बोलायला लागली. ती तशीच आहे, घाबरली की हिशेबी होते. म्हणाली, नुसत्या चिठ्ठ्या दिल्यास तर ते म्हणतील मागाहून लिहिल्या, कारण वही वेगळंच सांगते. चिठ्ठ्या खऱ्या ठरवायच्या तर वही खोटी हे सांगावं लागेल. आणि वही खोटी म्हटलं की विचारतील, कोणी लिहिली?

मी म्हटलं, मी.

ती म्हणाली, वही बाहेर न्यायची नसते, बाबांनी नेली. सही न वाचता केली. म्हणजे एक शब्द काढायला जाशील आणि दुसरे चार चिकटतील. त्यांना आणि तुलाही.

 तिने भांडी विसळायला घेतली. नळ चालू ठेवून, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “तुला बाबांचं नाव धुवायचंय का स्वतःचं मन? आधी तेवढं ठरव, आई.”

लाँड्रीवाल्याची लेक. बोलायला बापावर गेली आहे. ती गेल्यावर मी खूप विचार केला. खरं सांगायचं तर ठरवता आलं नाही. दोन्ही एकाच पाण्यात आहेत, वेगळी काढता येत नाहीत.

एक मात्र लिहून ठेवते. ह्यांना शब्द लावायचाच असेल तर तो खरा असावा. वही न वाचता सही केली, हा निष्काळजीपणा खराच. तो मला मान्य आहे. पण तो बॉयलरच्या बाबतीत नव्हता. बॉयलरकडे ह्यांचं लक्ष होतं. ह्यांनी लक्ष दिलं नाही ते माझ्याकडे.

हे लिहून झाल्यावर फार राग आला. ह्यांचा. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. एकदा विचारायचं होतं, काय गं, ही रेघ कशाची आहे ठाऊक आहे का तुला? मी काय मोडून पडले असते?

९ मार्च

तात्पुरत्यांना निरोप पाठवून बोलावलं. त्यांच्या पाठीमागे काही करायचं नव्हतं. सगळं सांगितलं. त्यांना नवीन काहीच नव्हतं. ते म्हणाले, फुटलं त्या दिवसापासून मला माहीत आहे. वहीत काय असणार ते ठाऊक होतं. तुमच्या तोंडावर कसं सांगू?

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे मला जपत होते.

मग त्यांनी विचारलं, त्या गठ्ठ्यात माझ्या चिठ्ठ्या आहेत का? होत्या. सात. त्यांनी एकही जागा मोकळी सोडली नव्हती. काच जे दाखवेल ते लिहायचे, तोटी उघडून बघत नव्हते. ते त्यांना माहीत होतं, मला आजच कळलं. आम्ही दोघं त्या कागदांकडे बघत बसलो. अर्धी, अर्धी, अर्धी. त्यांच्या चिठ्ठीत आणि माझ्या वहीत काही फरक नव्हता. त्यांच्या बाबतीत मी अगदी बरोबर उतरवलं होतं.

ते खाली मान घालून म्हणाले, “वहिनी, माझी दोन पोरं आहेत.”

मी त्यांच्या सात चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. अक्षर त्यांचं, कागद त्यांचे. काय करायचं ते त्यांनी ठरवावं. पण सांगून ठेवलं की मला कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, अकरा वर्षं पुरे झालं. त्यांनी मान डोलावली. चिठ्ठ्यांची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, बटण लावलं, वरून हात ठेवून बघितलं. हे फाटक बघायचे तसं.

दादा असते तर काय म्हणाले असते, असं त्यांनी जाताना विचारलं. मी म्हटलं, ते असते तर थट्टा केली असती, आणि मला काही कळलं नसतं.

१२ मार्च

दिवसभर निवेदन लिहीत होते. आधी पेन्सिलीने, मग पेनाने. ‘मी खाली सही करणारी, मृत कर्मचाऱ्याची पत्नी’ इथपर्यंत ठीक झालं. पुढच्या वाक्यापाशी सकाळ गेली. ‘माझ्याकडून नजरचुकीने’ लिहिलं, खोडलं. नजरचूक नव्हती, मी नीट बघून लिहिलं होतं. ‘अज्ञानामुळे’ लिहिलं, तेही खोडलं. अज्ञान होतं, पण तो शब्द लिहिला की मला हायसं वाटायला लागलं, म्हणून काढला. शेवटी जे केलं तेवढंच लिहिलं. वही मी लिहीत होते. मोकळ्या जागा मी भरल्या. शेऱ्यात ठीक हे मी लिहिलं, त्यांनी नाही. त्यांनी काय लिहिलं होतं ते सोबत जोडलं आहे. काच खराब असल्याचं त्यांनी साहेबांना सांगितलं होतं आणि लिहिलंही होतं. ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही ते माझ्यामुळे.

निग्लिजन्स कोणाचा ते मी लिहिलं नाही. तो त्यांचा शब्द आहे, त्यांनी लावावा ज्याला लावायचा त्याला. माझ्या वाट्याला आला तर घेईन. पण सगळा नाही घेणार. दोन वाजता फोन कोणी उचलला होता आणि चादरी निघू द्या कोण म्हणालं, तेही चिठ्ठीत आहे.

तीन पानं झाली. तिन्हींवर खाडाखोड आहे. दुसऱ्या पानावर शाईचा डाग पडलाय, एका ओळीच्या डोक्यावर राहिलेला शब्द बाण काढून घुसवलाय. लेकीला दाखवलं असतं तर म्हणाली असती, पक्कं करून दे. कोरे कागद काढून टेबलावर ठेवले होते. पेनात शाईही भरली. सव्वानऊपर्यंत बसले होते.

१३ मार्च

कोरे कागद परत कपाटात ठेवले. ती तीन पानं होती तशीच घेतली, चिठ्ठ्या मोजून पाकिटात घातल्या, आणि साडेदहाला चौकशीच्या ऑफिसात देऊन पोच घेतली.